बंद पाण्याची जबाबदारी

घरात मासे ठेवायचे ठरले की पहिला प्रश्न टाकीचा येतो. दुकानातला तयार संच उचलावा, की काच, सिलिकॉन, फिल्टर, दिवा वेगवेगळे आणून टाकी स्वतः जुळवावी? हा प्रश्न सहसा खर्चाचा आणि हौसेचा मानला जातो. पण ज्या जीवासाठी टाकी घ्यायची, त्याला या निवडीत मत नसते आणि टाकी मानवली नाही तर उठून जाण्याची सोयही नसते. त्यामुळे हा मुळात भूतदयेचा प्रश्न आहे आणि तो तसाच सोडवला पाहिजे.

मावळातल्या सुधा नदीकाठच्या सुदुंबऱ्यात या प्रश्नाला जवळचा आधार सापडतो. इथे संताजी जगनाडे महाराजांची समाधी आहे. संताजी चाकणचे, तेल्याच्या घरातले. तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांत त्यांची गणना होते आणि अभंग लिहून जपणारे म्हणून वारकरी त्यांना मानतात. गोरोबांचे मडके, सावतोबांचा मळा, संताजींचा घाणा ही सगळी एकाच शिकवणीची रूपे आहेत. हातातले काम सोडून भक्ती करायची नसते, ती त्या कामातच करायची असते. जीव पाळणे हेही असेच रोजचे काम आहे आणि त्याची पारख त्याच कसोटीवर व्हायला हवी.

दुसरा आधार नदीचा आहे. लोणावळ्याजवळ उगम पावणारी इंद्रायणी देहू, आळंदी करत तुळापूरला भीमेला मिळते. देहूच्या डोहातले मासे न मारण्याची रीत जुनी आहे. महाड तालुक्यात काळ नदीवरचा वाळण कोंड आणि वाडा तालुक्यात वैतरणेवरचे तिळसे इथेही देवाचे मासे म्हणून माशांना अभय आहे. या डोहांत माणसाने एवढेच करायचे असते की जाळे टाकायचे नाही. बाकीचे सगळे नदी करते. वाहते पाणी घाण पुढे नेते, खळाळातून हवा मिसळते, दगडांवरचे सूक्ष्म जीव विष्ठेचे विष मारतात. इंद्रायणीत सांडपाणी शिरल्यावर मासे मरून तरंगतात, कारण नदीच्या या कामाला मर्यादा असते. घरातल्या टाकीत तर नदीच नसते. तिची सगळी कामे पाळणाऱ्याच्या अंगावर येतात. तयार संच की स्वतःची जुळवणी, याचा निवाडा करताना आधी ही कामे नीट समजून घ्यायला हवीत.

मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकतो. उरलेले खाद्य कुजले की त्यात भर पडते. अमोनियाने कल्ले पोळतात, मासा पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागतो. निसर्गात जिवाणूंचा एक गट अमोनियाचे नायट्राइट करतो आणि दुसरा नायट्राइटचे नायट्रेट. नायट्राइटही विषारीच असते, नायट्रेट मात्र बरेच सौम्य. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर, खडीवर, काचेवर हळूहळू वस्ती करतात आणि नव्या टाकीत त्यांचा जम बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकीत मासा नसलेला बरा. रोज चिमूटभर खाद्य टाकून, किंवा ओळखीतल्या निरोगी जुन्या टाकीतला वापरता स्पंज आणून, ही वस्ती माशाविना बसवता येते. दुकानात मिळणाऱ्या थेंबांच्या चाचणीत अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आले की पाणी तयार झाले. १८५० मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या इंग्रज रसायनतज्ज्ञाने गोल्डफिश, पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवून बंद पाण्यात असा तोल साधता येतो हे दाखवले. आजच्या घरगुती टाकीची मुळे त्या प्रयोगात आहेत.

तयार संचात पेटी, झाकण, दिवा, फिल्टर एकमेकांना जुळणारे येतात. सांधे कारखान्यात तपासलेले असतात. चाकण-तळेगावच्या कारखान्यांत कामाला आलेल्या आणि भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या माणसाला ही सोय मोलाची वाटते, आणि त्यात काही गैर नाही. दोष दुसरीकडे आहे. संचाचे माप बहुधा टेबलावरच्या जागेवरून आणि किमतीवरून ठरते. दहा-पंधरा लिटर पाण्यात एक चूकही लगेच विष होते. शिवाय संच आणि मासे एकाच दिवशी, एकाच पिशवीतून घरी येतात. त्या चार-सहा आठवड्यांची जागा संचाच्या डब्यात नसते, म्हणून ते आहेत हेच बहुतेकांना कळत नाही.

स्वतः जुळवणाऱ्याला ही थांबण्याची सवय आपोआप लागते. दोन बाय एक बाय एक फुटाच्या टाकीत जेमतेम पन्नास-पंचावन्न लिटर पाणी मावते. पाणी, काच आणि खडी मिळून वजन सत्तर किलोच्या आसपास जाते. म्हणून स्टँड पक्का लागतो आणि तळाखाली थर्माकोल. बुरशीरोधक सिलिकॉन माशांना घातक ठरते, साधे शुद्ध सिलिकॉन घ्यावे लागते. ते वाळताना व्हिनेगरसारखा वास येतो. तो पूर्ण गेल्यावर, शक्यतो आठवड्याने, पाणी भरायचे. दगडही पारखावा लागतो. सह्याद्रीचा काळा पाषाण सुरक्षित असतो, पण त्याच्या पोकळ्यांत पांढरे खडे दिसले तर त्यांवर व्हिनेगरचा थेंब टाकावा. फेस आला तर तो कॅल्साइट. त्याने पाणी जड होत जाते, आणि बोअरचे पाणी मुळात जड असेल तर त्यात भरच पडते.

पण हाताने केले म्हणजे दयेने केले, असे होत नाही. स्वतःच्या टाकीत ममत्व लवकर शिरते आणि संतांनी सर्वाधिक सावध केले ते याच ममत्वाबद्दल. मग रचना महत्त्वाची होते आणि मासा तिची शोभा ठरतो. बहुतेक घरांना मधली वाट अधिक योग्य आहे. दुकानदाराकडून मापाने चिकटवून घेतलेली मोठी साधी पेटी, स्पंज फिल्टर, आणि वीज जाते अशा गावात बॅटरीवरचा एअरपंप. दर आठवड्याला पावभाग पाणी बदलावे, नळाचे पाणी रात्रभर उघडे ठेवून वापरावे. स्पंज नळाखाली धुऊ नये, क्लोरीनने जिवाणू मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्यातच तो पिळावा.

नव्या टाकीत पहिल्या पंधरवड्यात मासा मेला की घरावरचे संकट त्याने अंगावर घेतले, असे अनेक घरांत मनापासून सांगितले जाते. ही समजूत घातक आहे. मासा अमोनियाने मेलेला असतो, आणि त्याच्या मरणाला त्यागाचे नाव मिळाले की त्याच पाण्यात दुसरा मासा सोडायला कुणाचे मन कचरत नाही. ज्या परंपरेने प्रत्येक जीवात देव पाहायला शिकवले, तिच्या नावावर हे खपवता येणार नाही.

मासा बंद पाण्यात ठेवूच नये, हा आक्षेपही खरा आहे आणि नदीतून पकडलेल्या माशांच्या बाबतीत तो टाळता येत नाही. सह्याद्रीच्या दक्षिण भागातल्या नद्यांमधला ‘मिस केरळ’ मासा याच व्यापारापायी धोक्यात आला. गप्पी, मॉली यांच्या कित्येक पिढ्या मात्र हौदांतच वाढल्या आहेत. त्यांना इथल्या नदीत सोडणे म्हणजे मुक्ती देणे नव्हे, कारण ही नदी त्यांची नाही. काच साफ करतो म्हणून आणलेला सकर फूटभराहून मोठा होतो, टाकीत मावेनासा झाला की पुण्य समजून नदीत सोडला जातो, आणि भीमेवरच्या उजनीत मच्छीमारांच्या जाळ्यात तो सापडू लागला आहे. टाकी बंद करायची वेळ आली तर मासे दुसऱ्या पाळणाऱ्याला किंवा दुकानदाराला द्यावेत. टाकीतले पाणी झाडांना घालावे, त्यातले नायट्रेट त्यांना खत म्हणून चालते. सुधेत किंवा इंद्रायणीत यातले काहीही सोडू नये, खडी आणि पाणवनस्पतीसुद्धा.