वैर मनात असता भजन म्हणावे काय?

उपवासकाळ आता जवळ येत आहे. वरूडकडे या दिवसांत मृगबहाराच्या संत्र्यांची तोड चालते. मजुरीचा हिशेब आणि विहिरीच्या पाण्याची पाळी यांवरून भावाभावांत तंटे उद्भवतात. मग रविवारी तेच दोघे एका सतरंजीवर बसून एकच गीत गातात. ते गाणे ढोंग होय काय?

नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी, उपवासकाळापूर्वीच्या अशाच दिवसांत झाला. त्यांनी अभंग व ओवी यांत ख्रिस्ती गीते रचली. म्हणून निरक्षर माणसासही ती मुखोद्गत होतात. परंतु जे सहज ओठांवर येते, ते कधी कधी अंतःकरणास न शिवताच निघून जाते.

कोणी म्हणेल, समेट होईपर्यंत गप्प बसावे. आम्हांस हे मान्य नाही. प्रभूने अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाकडे जाण्यास सांगितले. पण परत येऊन ते अर्पिण्यासही सांगितले. नुसते मौन धरल्याने तंटा मिटत नाही. तर बंधूंनो, राखेच्या बुधवारापूर्वी मजुराचा राहिलेला पैसा द्या, भावाचे दार ठोठवा. त्याने ते न उघडले तरी तुमचे जाणे व्यर्थ नाही. मग मोकळ्या कंठाने गा.