ऊर्ध्व

चेन्नईहून निघालेली विजेची गाडी तांबरमला पोचण्यापूर्वी ज्या स्थानकावर क्षणभर थांबते, त्याचे नावच ‘तांबरम सॅनेटोरियम’ आहे, आणि डॉ. चौरी मुत्तू यांनी मोकळ्या हवेच्या भरवशावर क्षयरोग्यांसाठी १९२८ साली उभारलेले, १९३७ साली सरकारच्या ताब्यात गेलेले व आज शासकीय वक्षरोग रुग्णालय म्हणून नांदणारे ते आरोग्यधाम ज्याने पाहिले असेल, त्याला ‘श्वास’ हा शब्द निष्काळजीपणे उच्चारणे अवघड जावे. क्षय हा त्या काळी मुदत देणारा रोग होता. रोग्याला कित्येकदा वर्षे मिळत, घरच्यांना निरवानिरव करता येई. परंतु त्याच छातीच्या पिंजऱ्यात असाही प्रसंग ओढवतो, की ज्याची मुदत मिनिटांत मोजावी लागते; आणि त्या मिनिटांत आपला धर्म कोणता, हा प्रश्न वैद्यकाइतकाच तत्त्वज्ञानाचाही आहे.

धडधाकट माणूस बोलता बोलता कोसळतो, हाकेला ओ देत नाही, आणि मग आचके दिल्यासारखा, घरघरत, थांबत थांबत श्वास घेऊ लागतो. भोवतालची वडीलधारी मंडळी ‘ऊर्ध्व लागला’ म्हणतात, कोणी गंगाजळीचा गडू काढतो, कोणी तुळशीपत्र आणतो. या समजुतीमागे मोठी परंपरा उभी आहे. चरकसंहितेतील इंद्रियस्थान हे सबंध स्थानच मृत्युसूचक अरिष्टलक्षणांच्या विवेचनाला वाहिलेले आहे, आणि असाध्य रोग्याची चिकित्सा आरंभून वैद्याने अपयश पदरी घेऊ नये, हा त्यातला एक व्यावहारिक हेतू होता. लक्षण ओळखायचे ते हात आवरण्यासाठी, अशी ती वहिवाट.

आता त्या पिंजऱ्यात काय चालते ते पाहावे. आपल्याच मुठीएवढे हृदय म्हणजे वस्तुतः शेजारी शेजारी बसविलेले दोन पंप होत. उजवा पंप अंगभर फिरून आलेले रक्त फुप्फुसांकडे धाडतो; तेथील सूक्ष्म वायुकोशांच्या भिंतींवर ते आपला कर्बवायू टाकून प्राणवायू उचलते; आणि मग डावा पंप तेच रक्त, विश्रांतीच्या वेळी मिनिटाला सुमारे ५ लिटर या हिशेबाने, मस्तकापासून पायाच्या नखापर्यंत पोचवितो. विल्यम हार्वी यांनी १६२८ साली हे अभिसरण ग्रंथरूपाने मांडले. हा पंप एकाएकी बंद पडला, तर सुमारे १० सेकंदांत शुद्ध हरपते. चार-सहा मिनिटांत मेंदूची हानी सुरू होते. परंतु मधल्या काळात मेंदूच्या बुंध्यातील श्वासकेंद्र, मालकाचे दिवाळे निघाल्यावरही काही वेळ दप्तर उघडे ठेवणाऱ्या जुन्या कारकुनाप्रमाणे, अधूनमधून श्वासाचे हुकूम सोडीत राहते. तोच आपला ‘ऊर्ध्व’! तो खरा श्वास नव्हे. त्याच्या भरवशावर ‘अजून श्वास चालू आहे’ म्हणून स्वस्थ बसणे जितके घातक, तितकेच ‘आता संपले’ म्हणून हात जोडणेही घातक. लक्षण तेच, पण त्याचा अर्थ उलटला आहे. जे निरोपाचे चिन्ह होते, ते आता बोलावण्याचे चिन्ह झाले आहे.

आणि ते गंगाजल? शुद्धीवरचा माणूस घोट गिळतो तेव्हा श्वासनलिकेच्या तोंडावर झाकण पडते आणि पाणी अन्ननलिकेत उतरते. बेशुद्धाच्या घशात हा बंदोबस्त राहत नाही. श्रद्धेने घातलेले ते पाणी, ते पान, श्वासाचीच वाट अडवू शकते. दीर्घ आजाराच्या शेवटी, साऱ्यांनी समजून उमजून स्वीकारलेल्या मरणाची गोष्ट वेगळी. तिथे ओठ ओले करणारे हात धन्य आहेत. पण अकस्मात कोसळलेल्याला आपण मरणोन्मुख कोणत्या अधिकाराने ठरविले?

यावर कोणी म्हणेल, की आयुष्याची दोरी ज्याच्या हाती, त्याच्या हुकुमात ढवळाढवळ करणारे आपण कोण? मी विचारतो, तो हुकूम पाहिला कोणी? १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याखाली मस्तिष्कस्तंभाच्या मृत्यूचा दाखला द्यायचा, तर किमान सहा तासांच्या अंतराने डॉक्टरांना दोनदा तपासणी करावी लागते. आणि आपण एका आचक्यावरून निकाल देऊन मोकळे होतो! नम्रता म्हणून जिचा गौरव होतो, ती येथे घाईच ठरते.

छांदोग्य उपनिषदात इंद्रियांच्या भांडणाची कथा आहे. वाणी, नेत्र, कर्ण, मन एकेक वर्ष देह सोडून जातात आणि देह तगून राहतो. प्राण निघू लागताच मात्र सर्वांचे खुंट उखडू लागतात, आणि सारी त्याला ‘जाऊ नकोस’ म्हणून विनवितात. या कथेतील विनवणी मला नेहमी मोलाची वाटत आली आहे. निघालेल्या प्राणाला थांबविणे हा तिथे अधर्म ठरलेला नाही. आज ही विनवणी शब्दांनी नव्हे, तळहातांनी करायची असते: छातीच्या मधोमध, पाच ते सहा सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबून. प्रौढ माणूस एकाएकी कोसळला तर पहिली काही मिनिटे रक्तात प्राणवायू उरलेला असतो, उणीव असते ती त्याला मेंदूकडे वाहून नेणाऱ्याची. बुडालेल्याला किंवा लहान मुलाला मात्र तोंडाने श्वास देणेही तितकेच निकडीचे असते.

तामिळनाडूत रुग्णवाहिका बोलवायचा क्रमांक १०८ आहे, महाराष्ट्रातही तोच. आपल्या जपमाळेचे मणीही तितकेच. आणि गंमत अशी, की मिनिटाला १०८ दाब दिले तर ते वरच्या मापात नेमके बसतात. रुग्णवाहिका येईपर्यंत मिनिटाला एक माळ, न थांबता. ज्याला नामस्मरण सोडवत नाही, त्याने ते खुशाल करावे. माळ तेवढी त्या माणसाच्या छातीवर ओढावी.