परमार्थ आणि स्वदेशी

एखाद्या सद्गृहस्थानें गांवासाठीं विहीर खणविली आणि खणण्याचें काम आपल्याच भाऊबंदांस दिलें, तर त्याच्या पुण्यास बाध येतो काय? प्रश्न वरवर किरकोळ दिसतो. परंतु सौर विजेच्या बाबतींत याच प्रश्नावरून दोन मोठीं राष्ट्रें कित्येक वर्षें भांडलीं.

आपल्या सरकारनें २०१० सालीं राष्ट्रीय सौर अभियान सुरू केलें. सूर्यापासून केलेली वीज सरकारनें दीर्घ मुदतीच्या करारानें विकत घ्यावयाची. मात्र कांहीं प्रकल्पांस अट अशी कीं, त्यांतील सौरघट देशांतच तयार झालेले असावेत. २०१३ सालीं अमेरिकेनें याविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार नेली. ही सरकारी खरेदी आहे, शिवाय देशांत घटांची निर्मिती तोकडी असल्यानें तुटवडा आहे, असें आपलें म्हणणें होतें. २०१६ सालीं अपील मंडळानें तें अमान्य केलें. सरकार खरेदी करतें ती विजेची, घटांची नव्हे. आणि परदेशांतून घट मिळत असतां तुटवडा कसला?

निकालानें स्वाभिमान दुखावतो हें खरें. आमच्या आजोबांच्या पिढीनें जें व्रत म्हणून पाळलें, तें अपराध कसें ठरावें? परंतु त्या पिढीनें महाग कापड स्वतःच्या पदरच्या पैशानें घेतलें होतें. येथें घट महाग पडले, तर तितक्याच पैशांत वीज कमी निघते, कोळसा अधिक जळतो, आणि ज्यांनीं व्रत घेतलेंच नाहीं त्यांच्याहि छातींत त्याचा धूर जातो.

मग फिर्यादी तरी निर्दोष होता काय? अमेरिकेंतील कित्येक राज्यें स्थानिक माल वापरणारांस अशाच सवलती देत होतीं. भारतानें उलट तक्रार केली व २०१९ च्या जूनमध्यें ती जिंकली. अमेरिकेनें अपील केलें. पण नव्या न्यायाधीशांच्या नेमणुका तिनेंच अडवून धरल्यामुळें त्या डिसेंबरांत अपील मंडळच बंद पडलें. पुढें २०२२ सालीं तिनें देशी माल वापरणाऱ्या प्रकल्पांस वाढीव करसवलत देऊं केली. दुसऱ्यास नियम शिकवावा आणि आपली पाळी येतांच न्यायासन रिकामें ठेवावें, ही नीति नव्हे.

म्हणून आपणहि नियम झुगारावा काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. एकाच देशाच्या मालावर विसंबणें धोक्याचें आहे, हें आम्ही जाणतों. देशी कारखाने हवेत. पण देशी कारखानदारास तिजोरींतून उघड मदत करण्यास हा कायदा सरसकट मनाई करीत नाहीं. मनाई आहे ती ‘देशीच वापरा’ या अटीस. उघड मदतीचा हिशेब लोकांपुढें राहतो. अटीची किंमत विजेच्या दरांत लपून जाते. गरीब तिजोरीस ही मदत जड जाईल; परंतु अटीचा भार तरी शेवटीं गरिबावरच पडतो, आणि तोहि त्याच्या नकळत.

भावास अवश्य द्यावें. पण आपल्या गांठीचें द्यावें. त्यासाठीं विहिरीचें पाणी महाग करूं नये.