पॅकेज संपल्यावर

जुलै २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना महाराष्ट्रातल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत यवतमाळ नव्हता. त्याला नोव्हेंबर २०१३ पर्यंत थांबावं लागलं. २०१७ मध्ये योजनेला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं, २०२० मध्ये ती आयुष्मान भारतशी जोडली गेली आणि जुलै २०२४ पासून ५ लाखांचं संरक्षण सर्व रंगांच्या रेशनकार्डांना लागू झालं. नाव बदललं, रक्कम वाढली. पण पैसा सुटतो तो अजूनही माणूस खाटेवर पडल्यावरच.

रुग्णालयातला आरोग्यमित्र कार्ड तपासतो, कागद ऑनलाइन चढवतो, दूर कुठेतरी पूर्वमंजुरी मिळते, उपचाराचा दर ‘पॅकेज’ म्हणून आधीच ठरलेला असतो. खर्चाला लगाम आहे, यात शंका नाही. मूळ योजनेच्या नियमांत तर सुटी झाल्यावर घरी जायचं भाडं आणि दहा दिवसांची औषधंही होती. प्रश्न अकराव्या दिवसाचा आहे. काही आजारांना पाठपुराव्याची पॅकेजं होती, पण त्यासाठीही यवतमाळमधल्या झरी जामणी तालुक्यातल्या माणसाने पुन्हा मोठं रुग्णालय गाठायचं. रक्तदाबाची गोळी महिनोन्‌महिने चुकली तरी योजना गप्प असते. मूत्रपिंड निकामी झालं की डायलिसिसचं बिल मात्र भरते. प्रतिबंधाचंही तेच: २०१७ मध्ये कपाशीवर फवारणी करताना याच जिल्ह्यात शेकडो शेतकरी-मजुरांना विषबाधा झाली, वीसहून अधिक दगावले. हातमोजे, मास्क आणि फवारणीच्या दिवसांत गावातली विचारपूस कुठल्याच पॅकेजात बसत नाही.

म्हणून माणशी ठरावीक रक्कम देऊन त्याच्या सबंध आरोग्याची जबाबदारी एकाच संस्थेवर टाकावी, ही ‘मॅनेज्ड केअर’मागची कल्पना मला विचार करण्याजोगी वाटते. यावर आक्षेप येईल तो रास्तच आहे: रक्कम ठरली की उपचार टाळण्यातच फायदा. अमेरिकेतल्या टेनेसीने १९९४ मध्ये गरिबांची सगळी आरोग्य योजना अशा ‘मॅनेज्ड केअर’ कंपन्यांकडे सोपवली आणि २००५ मध्ये खर्च झेपेना म्हणून लाखाहून अधिक लोकांना वगळलं. तेव्हा ही जबाबदारी कंपनीला नकोच. ती प्राथमिक आरोग्य केंद्राला द्यावी, पैशासकट. केंद्रात डॉक्टरच नसतो, असं कोणी म्हणेल. नसतो तिथे नसतो, हे खरं. पण सगळा वाढीव निधी पॅकेजांकडे वळत राहिला तर डॉक्टर येणार कुठून? योजनेने कित्येक घरांना सावकाराच्या दारातून वाचवलं, हेही नाकारायचं कारण नाही. ती बंद करा, असं मी म्हणतच नाही. मर्यादा ५ लाखांची आणखी वाढवण्याआधी राज्याने यवतमाळच्या एका तालुक्यात तरी सुटी झालेल्या प्रत्येक रुग्णाचं नाव त्याच्या गावच्या केंद्राला कळवावं आणि वर्षभराच्या औषधांचा खर्च त्या केंद्राला द्यावा.