परभाषेची हौस

राणीसावरगावचा विद्यार्थी परक्या भाषा नि परकी गाणी यांत रमला, तर स्वभाषेचे कसे होणार, ही चिंता आम्हांस पोकळ वाटते. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिक्षण उर्दूतून मिळे. ती सक्ती अन्यायाची खरी. पण म्हणून गझलेस अपराधी कसे ठरवावे? सेतुमाधवराव पगडी उर्दू काव्यात रमले, आणि निजामाच्या नोकरीत असता गोंडीही शिकले. उर्दूने चाकरी तरी मिळे. गोंडीने काय मिळणार होते? हौसेचा कस आम्हांस येथे दिसतो. आजचा विद्यार्थी समुद्रापलीकडचे सूर आळवितो; शेजारच्या तांड्यावरील लमाणी बोलीचा एक शब्दही मात्र त्यास शिकावासा वाटत नाही!