खेळातून गणित काढून बघ

वाई,
१२ जून

चि. केतकी,


तू बनवून पाठवलेला गाडीचा गणिती खेळ टॅबवर उतरवून घेतला. आधी मी स्वतः दोनदा खेळले, मग शेजारच्या, यंदा चौथीत गेलेल्या मुलाच्या हाती दिला. गाडी छान पळते, रंग डोळ्यांना सुखावतात, अभ्यासक्रम तू नीट पाहिला आहेस हेही जाणवलं. पण त्या मुलाने काय केलं ते सांगायला हवं, कारण मोकळेपणाने लिही असं तूच म्हणालीस. गाडी थांबली, वजाबाकी आली, खाली चार उत्तरं आली. त्याने पहिलं दाबलं, मग दुसरं, मग तिसरं. गाडी सुटली. पुढच्या थांब्यावरही तेच. दहा मिनिटांत सगळे टप्पे पार झाले आणि एकही वजाबाकी त्याने केली नाही.

यात त्याची लबाडी नाही. गाडी पळवणं ही मौज आणि गणित हा टोलनाका असेल, तर कोणतंही शहाणं मूल नाक्यावरून लवकर सुटायलाच बघणार. म्हणून आधी एक कसोटी लावून बघ. खेळातून गणित काढ आणि त्या जागी इंग्रजी स्पेलिंगं घाल. खेळ जसाच्या तसा चालला, तर गणित त्याच्या आत कधी नव्हतंच, असं समज.

ही कसोटी माझ्या मनाची नाही. इंग्लंडमध्ये जेकब हॅबगूड आणि शॅरन एन्सवर्थ यांनी भागाकाराचा एक खेळ घेऊन नेमका हाच प्रश्न तपासला आणि २०११ साली निष्कर्ष छापले. खेळाचं नाव ‘झोंबी डिव्हिजन’. समोरून सांगाडे येतात, प्रत्येकाच्या छातीवर एक संख्या असते आणि मुलाकडची शस्त्रं म्हणजे भाजक. ज्या संख्येने निःशेष भाग जातो, तेच शस्त्र लागू पडतं. याच खेळाचं दुसरं रूप त्यांनी केलं. त्यात लढाई गणिताविना, आणि भागाकाराचे प्रश्न दोन टप्प्यांच्या मधे. सारखाच वेळ दिल्यावर पहिल्या रूपाने खेळलेली मुलं जास्त शिकली. कोणतं खेळायचं ते मुलांवर सोडलं, तेव्हा पहिल्या रूपावर ती सातपट वेळ रमली. गणित आत मुरलं की शिकणं आणि रमणं दोन्ही वाढतं.

आपल्याकडे याचं सुंदर उदाहरण देवळालीचं आहे. तिथल्या शाळेतले शिक्षक द. रा. कापरेकर यांनी १९४९मध्ये ६१७४ या संख्येचा गुण जगापुढे मांडला. कोणतीही चार अंकी संख्या घे, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लाव, मग चढत्या क्रमाने लाव आणि मोठ्या संख्येतून लहान वजा कर. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच कर. ३५२४ घेतलीस तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. पुढे ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४, आणि तिथून पुढे ६१७४ च. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत प्रत्येक संख्या तिथे पोचते.

मी शिकवत असताना वर्गात हे फळ्यावर घेतलं की मुलं मधली सुट्टी विसरत. ‘माझी संख्या कितव्या पायरीला पोचते?’ या एका प्रश्नापायी एकेक मूल आपणहून पंधरा-वीस वजाबाक्या करत असे. एरवी तेवढ्याच वजाबाक्या गृहपाठाला दिल्या तर निम्म्या वह्या कोऱ्या येत. शिवाय तपासणीही आतच आहे. दर पायरीचं उत्तर ९ च्या पटीत असतं. अंकांची बेरीज करून बघितली की बहुतेक चुका मुलाला स्वतःलाच सापडतात, बाईंकडे धावावं लागत नाही. तुझ्या गाडीला असं पोचण्याचं ठिकाण दे. वजाबाकी हाच रस्ता असू दे.

आता चुकांविषयी, कारण तिथे मी स्वतः मोठी चूक केली आहे. माझ्या वर्गात एक मुलगा होता. ५२ मधून २७ गेले की तो ३५ लिही, ६३ मधून २८ गेले की ४५. मी लाल शाईने ‘लक्ष दे’ लिहीत राहिले, जवळजवळ वर्षभर. एके दिवशी त्याला शेजारी बसवून विचारलं, ‘कसं केलंस, बोलून दाखव.’ तो म्हणाला, ‘बाई, दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन. मोठ्यातून लहान जातो, हे तुम्हीच सांगितलं होतं.’ तो निष्काळजी नव्हता. माझंच एक अर्धं वाक्य तो इमानाने पाळत होता. पुढे वाचनात आलं की अमेरिकेत जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन यांनी १९७८ साली हेच मांडलं होतं: वजाबाकीतल्या मुलांच्या चुका पुष्कळदा एखाद्या चुकीच्या नियमातून येतात, आणि उत्तरांची तऱ्हा पाहून संगणक तो नियम ओळखू शकतो. मला वर्षभर जे दिसलं नाही, ते तुझा खेळ पाच गणितांत ओळखू शकेल. म्हणून चार उत्तरांची यादी काढून टाक आणि मुलाला अंक लिहू दे. कोणतं चुकीचं उत्तर आलं ते खेळाने लक्षात ठेवावं. ३५ आलं तर लाल फुली दाखवू नकोस. पडद्यावर काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या येऊ देत, आणि त्यातून सात काढायला सांग. एक गठ्ठा सोडावा लागतो, हे मुलाच्या बोटालाच कळेल.

भाषेकडेही लक्ष दे. मराठीत आपण ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी उच्चारतो आणि वीस नंतर, म्हणून नवशिकं मूल ऐकून ५२ लिहितं. ‘एकोणसाठ’ ऐकलं की त्याला साठ ऐकू येतात. याच अडचणीपायी २०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनाची रीत दिली, तेव्हा केवढा वाद झाला! गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे तिचं कारण समजावत राहिल्या. तुझ्या खेळात संख्या बोलली जात असेल, तर दोन्ही रीती ठेव आणि सुरुवातीला आकड्याबरोबर गठ्ठे दिसू देत.

आणि आपल्या भाषेचं धनही वापर. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी हे अपूर्णांकांचे पाढे आजोबांच्या पिढीला तोंडपाठ होते, कारण बाजारात ते रोज लागत. मुलाला खेळातल्या दुकानात गल्ल्यावर बसव. गिऱ्हाईक अडीच किलो कांदे मागतं, भाव किलोला ३२ रुपये. ८० झाले, त्याने शंभराची नोट दिली, सुटे किती द्यायचे? पुढचं गिऱ्हाईक पावणेदोन किलो मागतं. इथे हिशेब चुकला तर गल्ल्यात पैसे कमी भरतात. वेगळी शिक्षा करावी लागत नाही.

बक्षिसं आणि घड्याळ यांबाबत हात आखडता घे. १९७३मध्ये मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग छापला. चित्रं काढायला मनापासून आवडणाऱ्या बालवाडीतल्या मुलांना आधी सांगून प्रशस्तिपत्र दिलं, तर पुढे मोकळ्या वेळात ती चित्रांकडे कमी वळली. प्रत्येक उत्तरावर नाण्यांचा पाऊस पाडलास, तर मूल नाणी मोजायला शिकेल. आणि सेकंद मोजणारं घड्याळ घाबरऱ्या मुलाला गणितापासून तोडतं. रीत पक्की झाल्यावर वेग यावा, तोही स्वतःच्या कालच्या वेगाशी तुलना करून.

सराव मात्र हवाच. पूर्वी दिवेलागणीला परवचा म्हणत, रोज थोडं आणि पुन्हा पुन्हा. त्यातलं शहाणपण घे. मुलाला सात आठे अडलं, तर ते उद्या परत येऊ दे, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने. जे पक्कं आहे ते मागे ठेव. एका बैठकीला दहा मिनिटं पुरेत. पुष्कळ घरांत फोन एकच असतो आणि तो संध्याकाळी वडील घरी आल्यावर मुलाच्या हाती पडतो. म्हणून खेळ नेटवर्कशिवाय चालावा, जुन्या फोनवरही उतरावा.

शेवटचं सांगते. कोड लिहिण्याआधी तोच खेळ पत्ते आणि खडे घेऊन जमिनीवर मांड. मुलं खेळत असताना मागे गप्प बस. बोट कुठे थबकतं, कुणाचे ओठ पुटपुटतात, कोण पत्ते उलथून पळ काढतं, ते वहीत टिपून ठेव. जमिनीवर जो खेळ रमवत नाही, तो पडद्यावर गेल्याने रमवणार नाही.

तुझ्याकडे कसब आहे आणि मुलांविषयी माया आहे, म्हणून इतकं लिहिलं. तीस गणितांच्या तीस गाड्या करू नकोस. हातच्याची वजाबाकी एवढं एकच घे, आणि त्यासाठी एक खरा खेळ कर. दिवाळीच्या सुट्टीत तो घेऊन इथे ये. आळीतली पाच मुलं मी गोळा करून ठेवीन, आपण दोघी मागे गप्प बसून पाहू.

तुझी,
आत्या