प्रेक्षणीय

‘प्रेक्षणीय’ म्हणजे पाहण्याजोगे. शाळेच्या सहलीची सूचना असो वा प्रवाशांसाठी काढलेली मार्गदर्शिका असो, हा शब्द तेथे हटकून भेटतो. परंतु पाहण्याजोगे काय, आणि ते कोणी ठरवायचे, हे आपण सहसा विचारीत नाही. त्याहून अवघड प्रश्न तर मनातही येत नाही : जे जे डोळ्यांना दिसू शकते, ते ते पाहण्याचा अधिकार आपणांस आहे काय? गेल्या डिसेंबरात तीन मित्रांसमवेत मुंबई पाहावयास गेलो असता हा प्रश्न माझ्यासमोर येऊन उभा राहिला, आणि अद्याप तो तेथून हललेला नाही.

आम्ही चौघे सेमिनरीतील सोबती. दोघे धर्मगुरू झालो. एकाने मध्येच वाट बदलली व तो शिक्षक झाला. चौथा बँकेत गेला. आम्हा दोघा धर्मगुरूंपैकी एक गेली अनेक वर्षे जर्मनीत सेवा करीत आहे. सुट्टीवर आला असता तो म्हणाला, “अरे, तिकडची माणसे मला मुंबईविषयी विचारतात आणि मला धड दोन वाक्ये सांगता येत नाहीत. एकदा नीट दाखवा तरी!” वसईकराला मुंबई दाखवायची ही मौजेचीच गोष्ट. आपण मुंबईला जातो ते दूध, भाजी, फुले घेऊन. नोकरीला, इस्पितळात, कोर्टकचेरीला, नाही तर कुणाला विमानतळावर पोचवायला. पाहायला म्हणून आपण क्वचितच जातो. पन्नाशी उलटलेल्या आम्हा चौघांपैकी एकानेही राजाबाई टॉवरकडे मान वर करून निवांतपणे पाहिले नव्हते.

म्हणून चर्चगेटला उतरून आम्ही प्रथम तिकडेच वळलो. हा मनोरा १८७८ साली पूर्ण झाला. त्यासाठी देणगी देणारे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांच्या मातोश्रींचे नाव त्याला दिलेले आहे. ती माउली दृष्टिहीन होती, आणि सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा आपला जैन नेम ती मनोऱ्यावरील घड्याळाच्या टोल्यांवरून सांभाळीत असे, अशी आख्यायिका आहे. तेथून आम्ही गेटवे ऑफ इंडियाकडे चालत गेलो. राजे पंचम जॉर्ज १९११ च्या डिसेंबरात मुंबईच्या बंदरात उतरले तेव्हा ही दगडी कमान नव्हतीच. तिची कोनशिला १९१३ साली बसली आणि ती पुरी होण्यास १९२४ साल उजाडले. ज्याच्या आगमनाची ही खूण, तो राजा पुन्हा कधी भारतात आला नाही. ब्रिटिश सैन्याची अखेरची तुकडी मात्र २८ फेब्रुवारी १९४८ रोजी याच कमानीतून बाहेर पडली. बँकेतला मित्र हसून म्हणाला, “म्हणजे मनोरा न पाहू शकणाऱ्या आईचा, आणि कमान न पाहिलेल्या राजाची. पाहणारे काय ते आपण चौघे!”

कुलाब्याचे अफगाण चर्च हे आमचे तिसरे ठिकाण. १८५८ साली प्रतिष्ठापना झालेले हे अँग्लिकन पंथाचे मंदिर पहिल्या अफगाण युद्धातील मृतांचे स्मारक आहे. तेथे मृत अधिकाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. सामान्य शिपायांचीही स्मृती राखली आहे, परंतु नावांनी नव्हे. ते इतके होते की त्यांची नावे लिहिणे शक्य नव्हते, अशा आशयाचा लेख तेथे आहे. थोड्यांना नाव मिळते आणि पुष्कळांना संख्या, हा जगाचा जुनाच हिशेब. त्यावर आम्ही चौघांनी खेद व्यक्त केला, आणि मोठ्या समाधानाने जेवावयास गेलो. परक्याच्या अन्यायावर खेद व्यक्त केला की जेवण गोड लागते, हा माणसाचा स्वभावच आहे.

खरा प्रसंग घडला तो परतताना. महालक्ष्मी स्थानकाला लागून असलेला धोबीघाट पाहिल्याशिवाय मुंबई पाहिली असे म्हणता येत नाही, असे जर्मनीच्या मित्राने कुठेतरी वाचले होते. आम्ही उतरलो व पुलावर जाऊन उभे राहिलो. खाली काँक्रीटच्या हौदांच्या रांगा, प्रत्येक हौदाशी एक दगड, गुडघाभर पाण्यात उभी असलेली माणसे, आणि वर दोऱ्यांवर वाळणाऱ्या कपड्यांची दाटी. देशोदेशीचे प्रवासी येथे येऊन छायाचित्रे घेतात; हल्ली तर उभे राहून पाहण्यासाठी सज्जाही बांधलेला आहे. मित्राने कॅमेरा काढला. दगडावर चादर आपटणाऱ्या एका तरुणाने वर पाहिले. त्याने चादर बाजूला ठेवली, हात पुसले, कट्ट्यावरचा आपला मोबाईल उचलला आणि आम्हा चौघांचे छायाचित्र घेतले. मग काही न बोलता तो पुन्हा कामास लागला.

आमच्यातले दोघे खळखळून हसले. मला हसू आले नाही. त्या क्षणी आपण कसे दिसत असू, हा विचार मनात आला : स्वच्छ कपड्यांतले, जेवून आलेले चार पुरुष, कठड्यावर कोपरे टेकून दुसऱ्याचे श्रम न्याहाळीत आहेत. मनोरा आणि कमान पाहिली, त्याच नजरेने आम्ही त्याला पाहत होतो. फरक एवढाच, की कमान उलटून पाहत नाही.

परतीच्या गाडीत वाद झाला. जर्मनीच्या मित्राचे म्हणणे साधे होते. “छायाचित्राने त्याचे काय गेले? आणि पाहूच नये म्हणालास, तर ते अधिक वाईट. शहरे आपल्या कष्टकऱ्यांना मागच्या दाराने आणतात आणि मागच्या दाराने घालवतात. कुणी पाहिलेच नाही, तर त्यांची कणव कुणाला येणार?” या युक्तिवादात तथ्य आहे, हे मी मान्य करतो. २००० नंतरच्या दशकात धारावीच्या सहली निघू लागल्या तेव्हाही हाच वाद झाला होता. गरिबीचे प्रदर्शन मांडले, असे काहींनी म्हटले. तेथील उद्योगशीलता जगाला कळली, असे इतरांनी म्हटले. त्या सहलींच्या काही आयोजकांनी तेथे छायाचित्रे घ्यावयाची नाहीत असा दंडक घातला, हे विशेष. म्हणजे पाहण्यात आणि पाहण्यात काही भेद आहे, हे त्यांनाही जाणवले होते.

हा भेद कोणता? सेमिनरीत असताना संत थॉमस अक्वायनस यांचे या विषयावरील विवेचन आम्हांला शिकवले होते. जाणून घेण्याची शिस्तबद्ध आस हा सद्गुण, आणि नुसते कुतूहल हा दोष, असा भेद ते करतात. डोळ्यांनी पाहण्याच्या बाबतीतही पाहणे कशासाठी, हा त्यांचा निकष आहे. शेजाऱ्याचे वर्तन त्याला तुच्छ लेखण्यासाठी न्याहाळणे दोषास्पद. तेच त्याच्या किंवा आपल्या हितासाठी लक्षपूर्वक पाहणे स्तुत्य. तेराव्या शतकातील हा निकष मला आजही पुरेसा वाटतो. मात्र त्यात मी एक पुस्ती जोडीन. जे पाहणे खरोखर हिताचे असते, ते एकतर्फी राहू शकत नाही. मी ज्याला पाहतो त्याला मला पाहण्याची, मला प्रश्न विचारण्याची, ‘नको’ म्हणण्याची मुभा हवी. पुलाच्या उंचीवरून ती मुभा मिळत नाही.

ही पुस्ती मी कोणत्याही ग्रंथातून घेतलेली नाही. ती मला माझ्या आईने शिकवली.

मी दहा वर्षांचा असेन. आई पहाटेच्या गाडीने दादरला केळी आणि फुले विकावयास जात असे. शाळेला सुट्टी होती म्हणून तिने मला टोपली सांभाळायला सोबत नेले होते. आमच्याकडील बायकांचे ते लाल लुगडे तुम्हांला ठाऊकच आहे. आज ते आजीबाईंच्या अंगावर किंवा महोत्सवाच्या मंचावरच दिसते, त्या काळी ते रोजचे होते. एक गृहस्थ समोर येऊन उभे राहिले. गळ्यात भला मोठा कॅमेरा. त्यांनी आईचे एक छायाचित्र घेतले, मग बाजूने दुसरे, मग खाली बसून तिसरे. आईने पदर ओढून तोंड फिरवले, तर ते वळसा घालून पुन्हा समोर आले. मला फार अभिमान वाटला. माझी आई प्रेक्षणीय आहे, हे मला प्रथमच कळत होते! ते गेल्यावर आई बराच वेळ गप्प होती. मग टोपली सारखी करीत म्हणाली, “इतका वेळ बघत होता रे, पण केळ्यांचा भाव नाही विचारला.”

आई आता नाही. तिचे त्या वयातले एकही छायाचित्र आमच्या घरी नाही. ती तीन छायाचित्रे कदाचित अजून कुठे तरी असतील, एखाद्या परक्या घराच्या भिंतीवर, एखाद्या पुस्तकाच्या पानात. खाली काय लिहिले असेल? नाव नक्कीच नसेल. ते कुणी विचारलेच नव्हते.

आणि तिच्याच मुलाने, पन्नाशी उलटल्यावर, महालक्ष्मीच्या पुलावर तेच केले.

येथे मला एक कबुली दिली पाहिजे. आम्ही पुलावर असताना आमचा शिक्षक मित्र काही न बोलता जिना उतरून खाली गेला होता. अर्ध्या तासाने तो परत आला. त्या तरुणाबरोबर त्याने चहा घेतला होता. चादरी एका हॉटेलच्या होत्या, संध्याकाळपर्यंत त्या पोचवायच्या होत्या, गावाकडे बहिणीचे लग्न ठरले होते, हे सारे त्याला कळले होते. त्याने त्या तरुणाचे नाव विचारले होते आणि स्वतःचे सांगितले होते. (ते नाव येथे छापण्याची परवानगी मी घेतलेली नाही, म्हणून देत नाही.) मी मात्र उतरलो नव्हतो. गुडघे दुखतात, उशीर होईल, गर्दी आहे. सबबी पुष्कळ होत्या.

चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यावर मी आजवर किती प्रवचने दिली असतील याची गणती नाही. एक गोष्ट माझ्या नजरेतून निसटली होती. वाटेवर जखमी पडलेल्या त्या माणसाला याजकाने पाहिले नव्हते असे नाही. लेव्यानेही पाहिले. शोमरोन्यानेही पाहिले. तिघांच्या डोळ्यांना दृश्य एकच दिसले. फरक पुढच्या पावलात होता : दोघे बाजूने गेले, एक जवळ गेला. दाखल्यातला याजक वाईट माणूस होता असे मला आता वाटत नाही. त्यालाही कदाचित गाडी पकडायची होती.

म्हणून पाहण्याचा अधिकार आहे की नाही, या प्रश्नाला माझे उत्तर असे : मनोरे, कमानी, समुद्र यांना खुशाल पाहावे, त्यांना आपली नजर खुपत नाही. माणसाच्या बाबतीत पाहणे हा अधिकार नव्हे, ती एका ओळखीची सुरुवात आहे. सुरुवात करून परत फिरलो तर ते ऋण राहते. प्रत्येक ठिकाणी जिना उतरणे जमणार नाही. गाडीच्या खिडकीतून दिसलेल्या हजारोंशी आपण चहा पिऊ शकत नाही, हेही खरे. परंतु जेथे आपण मुद्दाम थांबलो, जेथे कॅमेरा बाहेर काढला, तेथे तरी ते ऋण आपण मान्य करावे.

आपल्या वसईतही आता पर्यटक येतात. किल्ला पाहतात, चर्च पाहतात, वाडीत पाणी लावणाऱ्या म्हाताऱ्याचे छायाचित्र घेतात. त्यांच्यावर रागावण्याआधी आपण स्वतः सहलीला गेलो असता कसे वागतो, याचा प्रत्येक कुटुंबाने विचार करावा. मुलांना घेऊन मुंबई अवश्य पाहा. राजाबाई टॉवरचे टोले ऐकवा, गेटवेची गोष्ट सांगा. आणि एखाद्या टोपलीसमोर थांबलात, तर मुलांदेखत एवढे तरी करा : भाव विचारा.